युद्धनौकेच्या शिडीशी थांबणारा कायदा

कामगारांच्या सुरक्षिततेविषयी आणि आरोग्याविषयी केंद्र सरकारने जी संहिता २०२० साली संमत करून घेतली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणली, तिच्या अगदी आरंभीच्या कलमातच एक अपवाद नमूद केलेला आहे. ही संहिता कोणत्याही राष्ट्राच्या युद्धनौकेला लागू होणार नाही, असे तो अपवाद सांगतो. पुढे ‘कामगार’ कोणास म्हणावे हे ठरविताना सशस्त्र दलांतील व्यक्तींना पुन्हा एकवार वगळले आहे. यात नवे काही नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सशस्त्र दलांच्या फिरत्या पथकांना ‘कारखाना’ या व्याख्येबाहेर ठेवले होते. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यातून आणि १९४८ च्या राज्य विमा कायद्यातूनही सैनिक वगळलेला होता. परदेशी सरकारने आखलेली ही रेघ स्वतंत्र भारताच्या सरकारांनी पुसली नाही, आणि आता नव्या संहितेने तीच रेघ अधिक ठळक केली आहे.

या रेघेचा प्रश्न आमच्या वाशिम जिल्ह्याच्या वाचकाला दूरचा वाटण्याचा संभव आहे. रिसोड, मानोरा, मंगरुळपीरच्या शिवारात समुद्र नाही, बंदर नाही आणि गोदीही नाही. परंतु ज्या प्रदेशात कोरडवाहू सोयाबीन आणि तूर यांवर घर चालत नाही, तेथील शाळा शिकलेला मुलगा फौजेच्या भरतीच्या रांगेत उभा राहतो, हे येथील कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावयास नको. नीती आयोगाने २०१८ साली देशातील जे मागास जिल्हे ‘आकांक्षित’ या गोड नावाखाली निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी वाशिम हा एक आहे. अशा जिल्ह्यातून सैन्यात, नौदलात, मुंबईच्या गोदीत वा जहाजतोडणीच्या धक्क्यावर गेलेला माणूस परत येतो तो गावीच. त्याच्या छातीत काय साठले आहे, याची नोंद मात्र त्याच्याबरोबर गावात येत नाही.

जे साठते त्याचे नाव ॲस्बेस्टॉस. वाफेवर चालणाऱ्या जहाजाच्या पोटात बॉयलर असतो, टर्बाइन असते आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांचे जाळे असते. या नळ्यांतून तापलेली वाफ मोठ्या दाबाखाली धावते. उष्णता बाहेर पडून वाया जाऊ नये आणि माणसे भाजू नयेत म्हणून नळ्यांवर वेष्टन चढविले जाते. विसाव्या शतकातील बहुतांश काळ हे वेष्टन ॲस्बेस्टॉसचे असे. जोडांमधील गॅस्केट त्याचेच, झडपांच्या दांड्यांभोवती भरलेले पॅकिंगही त्याचेच. जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्त मिळते, म्हणून जगातील सर्व नौदलांनी त्याचा मुक्तहस्ते वापर केला. नळी गळू लागली की इंजिनरूममधील तंत्रज्ञाने वेष्टन फोडावयाचे, जुने गॅस्केट तारेच्या ब्रशने खरवडून काढावयाचे आणि नवे बसवावयाचे. बंद, तापलेल्या, कोंदट जागेत हे काम चाले. त्या खरवडण्यातून उडणारा तंतू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वास येत नाही. तो फुप्फुसाच्या तळाशी जाऊन रुततो, आणि शरीराला तो विरघळविता येत नाही.

पुढची कहाणी वैद्यकशास्त्राने केव्हाच लिहून ठेवली आहे. रुतलेल्या तंतूंभोवती फुप्फुसाला व्रण पडतात, ते आवळत जाते आणि श्वास अपुरा पडू लागतो. हा ॲस्बेस्टोसिस. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यास तर तो कित्येक पटींनी वाढतो. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा जो कर्करोग आहे, त्याचे प्रमुख ज्ञात कारण ॲस्बेस्टॉस हेच आहे. या रोगांचे वैशिष्ट्य त्यांच्या संथपणात आहे. धूळ शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत वीस, तीस, प्रसंगी चाळीस वर्षांहून अधिक काळ जातो.

हे अज्ञान होते काय? ब्रिटनमध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल १९३० साली प्रसिद्ध झाला आणि १९३१ साली ॲस्बेस्टॉस कारखान्यांसाठी नियम झाले. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणपट्ट्यातील मेसोथेलिओमाचे रुग्ण १९६० साली जगापुढे मांडले. अमेरिकेत सेलिकॉफ यांनी १९६४ साली वेष्टन चढविणाऱ्या कामगारांची आकडेवारी प्रसिद्ध केली. ब्रिटिश नौदलाच्या डेव्हनपोर्ट गोदीतील कामगारांच्या छातीची तपासणी साठच्या दशकातच झाली होती. आपल्या नौदलातील विमानवाहू ‘विक्रांत’ १९६१ साली ब्रिटनमधून आली. माझगाव गोदीत बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात दाखल झाली. तिचा आराखडा ब्रिटिश ‘लिअँडर’ वर्गाचा आणि तिची यंत्रे वाफेची होती. ‘विराट’ १९८७ साली आली, तेव्हा ती ब्रिटिश नौदलात अनेक वर्षे राबून झालेली होती. ज्या देशाचे आराखडे आणि जहाजे आपण घेतली, त्या देशाला रोग ठाऊक होता. यंत्रांबरोबर त्या ज्ञानाचीही आयात करावी, त्या इंजिनरूममध्ये राबलेल्या प्रत्येक माणसाची यादी करावी आणि त्याला आयुष्यभर तपासणीखाली ठेवावे, हे त्यावर राज्यसंस्थेचे सरळ कर्तव्य होते.

अर्थशास्त्रात ‘सामाजिक खर्च’ ही एक संकल्पना आहे. कारखानदार धूर सोडतो, आणि त्याची किंमत त्याच्या हिशेबाच्या वहीत न पडता शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांवर पडते. विल्यम काप यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात हा विचार खाजगी उद्योगाविषयी मांडला. येथे तर खर्च ढकलणारी स्वतः राज्यसंस्था आहे. हे ढकलणे दुहेरी आहे. पहिले ढकलणे काळातील आहे, कारण आजच्या अंदाजपत्रकात वाचलेला रुपया तीस वर्षांनी कोणाच्या तरी छातीतून वसूल होतो, आणि तोपर्यंत ते अंदाजपत्रक मांडणारा मंत्री विस्मृतीत गेलेला असतो. दुसरे ढकलणे स्थळातील आहे, कारण ऋण मुंबईच्या गोदीत निर्माण होते आणि फेडले जाते कारंजा वा मालेगाव तालुक्यातील एखाद्या घरात. तेथे दवाखान्यासाठी आधी दागिने जातात आणि मग वावर जाते. हा खर्च कोणत्याही संरक्षण खात्याच्या लेख्यात दिसत नाही, आणि जो खर्च लेख्यात दिसत नाही त्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

नौसैनिकाची नोकरी पंधरा-वीस वर्षांची असते. पस्तिशी-चाळिशीत तो घरी परततो, तेव्हा त्याची छाती स्वच्छ असल्याचा दाखला त्याच्या हाती असतो, आणि त्या दिवसापुरता तो दाखला खराही असतो. रोग येतो तो साठीच्या सुमारास. आमच्या भागात खोकला, धाप आणि वजनातील घट म्हटली की पहिला संशय क्षयाचा येतो. छातीत पाणी झाले की क्षयाचीच औषधे सुरू होतात. ‘आपण तीस वर्षांपूर्वी कोणते काम करीत होता?’ हा एक प्रश्न विचारावयास गर्दीने भरलेल्या दवाखान्यात कोणास सवड नसते. मग क्षयाचे उपचार एकदा होतात, दोनदा होतात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर श्वसनक्रिया बंद पडणे हे कारण लिहिले जाते. अशा रीतीने रोगाला नाव मिळत नाही. नाव नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून प्रश्न नाही, आणि प्रश्नच नाही म्हणून सरकार निश्चिंत आहे.

निवृत्तिवेतनाच्या नियमांची रचनाही याच गृहीतावर उभी आहे. सैनिकाला अपंगत्वाचे वेतन मिळावयाचे तर रोग सेवेमुळे जडला वा सेवेने बळावला, हे मान्य व्हावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या खटल्यात एक न्याय्य तत्त्व सांगितले. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती असा रोग सेवेत असताना जडला, तर तो सेवेमुळेच जडला असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचा पुरावा सरकारने द्यावा, असे ते तत्त्व आहे. तथापि हे गृहीतक सेवेत असताना दिसलेल्या रोगाच्या बाबतीत उपयोगी पडते. निवृत्तीनंतर तीन दशकांनी डोके वर काढणाऱ्या रोगाच्या बाबतीत मात्र पुरावा आणण्याचा भार त्या म्हाताऱ्यावर पडतो. कोणत्या जहाजावर, कोणत्या साली, कोणती नळी उघडली, हे त्याने सांगावयाचे. आणि जहाजाचे दप्तर सरकारच्या ताब्यात, तर जहाज भंगारात!

जहाज भंगारात गेल्याने प्रश्न संपतो असेही नाही. जुनी ‘विक्रांत’ २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. ‘विराट’ २०२० साली अलंगच्या किनाऱ्यावर चढली. नळ्यांवरील वेष्टन चढविणाऱ्याच्या छातीत जे गेले, तेच ते फोडणाऱ्याच्याही छातीत जाते. फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू युद्धनौका २००५ च्या अखेरीस अलंगकडे निघाली, तेव्हा तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून जगभर गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना ती परत बोलवावी लागली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीपुढे अलंग येथील तपासणीचे जे निष्कर्ष आले, त्यांत ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या ९४ कामगारांपैकी १५ जणांच्या क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर रेषा आढळल्या होत्या. परक्याची युद्धनौका परत पाठविण्याइतकी जागृती ज्या देशात झाली, त्या देशाने २०१९ साली जहाज पुनर्चक्रीकरणाचा कायदा केला, आणि त्यातूनही युद्धनौका वगळल्या! व्यापारी जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसविण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी १ जानेवारी २०११ पासून पूर्ण बंदी घातली. तो करारही युद्धनौकांना लागू नाही. कायदा जिकडे जावा तिकडे युद्धनौकेच्या शिडीशी येऊन थांबतो.

यावर उत्तर ठरलेले आहे. राष्ट्राच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, शिस्तीचा प्रश्न आहे, सैनिकाला कामगाराचे मापदंड लावता येणार नाहीत, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद आम्ही झिडकारीत नाही, तो तपासून पाहू. घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो कर्तव्यपालन व शिस्त यांसाठी दिला आहे. संघटना करण्यावर वा जाहीर बोलण्यावर बंधन घालण्यामागे शिस्तीचे काही कारण सांगता येईल. परंतु निवृत्त माणसाच्या छातीचे छायाचित्र काढल्याने कोणती शिस्त मोडते? गॅस्केट बदलताना तोंडावर योग्य मुखवटा असल्याने कोणते गुपित शत्रूला कळते? शत्रूच्या गोळीसमोर उभे राहण्याचा करार सैनिकाने केलेला आहे. आपल्याच नळीवरील धुळीने मरण्याचा करार त्याने केलेला नाही.

शिवाय इतर देशांची वाटचाल पाहावी. ब्रिटनमध्ये १९४७ च्या कायद्याने सैनिकाला सरकारवर दावा लावण्याची मनाई होती. ती १९८७ साली उठली, पण मागच्या काळासाठी नाही. त्यामुळे जुन्या नौसैनिकांना मेसोथेलिओमा होऊनही न्यायालयाचे दार बंदच राहिले. नौसैनिकांच्या संघटनांनी हा अन्याय वेशीवर टांगला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तेथील सरकारला अशा रुग्णांसाठी १ लाख ४० हजार पौंडांची एकरकमी भरपाई जाहीर करावी लागली. तेथील नौदल दुबळे झाल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या देशातही आधार नाही असे नाही. ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निकाल ॲस्बेस्टॉस कामगारांच्या लढ्यातील मैलाचा दगड आहे. कामगाराचे आरोग्य हा २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेश दिला. बाधित कामगाराला १ लाख रुपयांची भरपाई ठरविली. हा निकाल खाणी आणि कारखाने यांच्यापुरता होता, आणि त्याची अंमलबजावणी कशी झाली हे मुंबईत पुढे दिसले. स्वतंत्र डॉक्टरांनी तेथील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांना तपासले, तेव्हा पाचांत एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टोसिस आढळला. तरीही निकालातील तत्त्व भक्कम आहे. जो हक्क घाटकोपरच्या गिरणीत आहे तो इंजिनरूममध्ये का नसावा, याचे उत्तर सरकारने संसदेत द्यावे.

समाजवाद्यांपुढे येथे एक तत्त्वाचा प्रश्नही आहे. सार्वजनिक मालकीचा आपण पुरस्कार करतो. माझगाव गोदीचे १९६० साली झालेले राष्ट्रीयीकरण आपल्याला योग्यच वाटते. परंतु मालकी सार्वजनिक झाली म्हणजे श्रमिकाचे शरीर आपोआप सुरक्षित होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. राज्यसंस्था मालक असेल तर तिच्याकडून खाजगी मालकापेक्षा अधिक काटेकोर वर्तनाची अपेक्षा केली पाहिजे. स्वतःला कायद्यातून वगळणारा मालक, मग तो तिरंग्याखाली असो वा तिजोरीवर बसलेला असो, श्रमिकाला सारखाच परका असतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ तळावरील खलाशी उठले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांचाही समावेश होता, आणि अरुणा असफ अली त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. गणवेशातील माणूस हाही श्रमिकच आहे, ही त्या उठावाची शिकवण आहे. त्याला संघटना करता येत नाही म्हणूनच त्याच्यासाठी बोलण्याची जबाबदारी बाहेरच्यांवर अधिक येते.

ही जबाबदारी २०२२ पासून वाढली आहे. ‘अग्निपथ’ योजनेखाली चार वर्षांनी घरी पाठविल्या जाणाऱ्या तरुणाला निवृत्तिवेतन नाही, आणि माजी सैनिकाच्या वैद्यकीय योजनेचा आधारही नाही. आजच्या जहाजांवर जुन्या इतके ॲस्बेस्टॉस नसेल, पण इंधनाचे धूर, रंगांतील रसायने आणि कानठळ्या बसविणारा आवाज आहेच. पंचविशीच्या आत बाहेर पडलेल्या या मुलाला पंचावन्नाव्या वर्षी सेवेतून आलेला रोग झाला, तर त्याने कोणाच्या दारी जावे? मागच्या पिढीचे ऋण नाकारणारी व्यवस्था पुढच्या पिढीचे ऋण नोंदवूनही घ्यावयास तयार नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. युद्धनौकांना दिलेली सूट संहितेतून आणि जहाजतोडणीच्या कायद्यातून काढून टाकावी. युद्धप्रसंगापुरती सवलत ठेवावयाची असेल तर ती तेवढ्यापुरतीच असावी. कोणत्या जहाजावर कोठे ॲस्बेस्टॉस होते आणि तेथे कोण राबले, याची नोंदवही नौदलाने आणि गोद्यांनी तयार करून ती १९९५ च्या निकालाप्रमाणे जपावी. इंजिनरूममध्ये वा बॉयलररूममध्ये काम केलेल्या माणसाला यांतील कोणताही रोग झाला, तर कितीही वर्षे लोटली असली तरी तो सेवेमुळेच झाला असे मानावे. राजस्थान सरकारने २०१९ साली धुळीपासून होणाऱ्या फुप्फुसरोगांसाठी धोरण आखून रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपयांची मदत ठरविली. महाराष्ट्राने निदान तेवढे करावे. आणि ज्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे आपण १९८६ सालीच थांबविले, ते रशियासारख्या देशांतून दरसाल लाखो टन आणण्याचा दुटप्पीपणा बंद करावा. हे आयात केलेले खनिज मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जाते, आणि ते पत्रे आमच्या गोठ्यांवर, घरांवर आणि शाळांवर आहेत. ते फोडताना, कापताना उडणारी धूळ इंजिनरूममधील धुळीहून निराळी नाही.

मागण्या दिल्लीकडे जातील, पण काम येथूनच सुरू झाले पाहिजे. सहाही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील माजी नौसैनिक, गोदी-कामगार आणि जहाजतोडणीच्या कामावर जाऊन आलेले मजूर यांची यादी करावी. प्रत्येकास चारच प्रश्न विचारावेत: कोठे काम केले, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, नळ्यांच्या वेष्टनाशी वा गॅस्केटशी संबंध आला काय, आणि आता धाप लागते काय? ज्यांना क्षयाचे उपचार घेऊनही गुण आला नाही, त्यांच्याकडे आधी जावे. जे विधवा होऊन मागे राहिल्या आहेत, त्यांच्याजवळचे सेवापुस्तक, दवाखान्याचे कागद आणि क्ष-किरणांच्या फिल्म टाकून देऊ नका असे त्यांना सांगावे. २०२४ साली वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे आठवड्यातून एक दिवस धुळीच्या रोगांची तपासणी व्हावी आणि केसपेपरावर रुग्णाच्या पूर्वीच्या कामाची नोंद व्हावी, एवढी मागणी घेऊन शिष्टमंडळाने जावे. सैनिक कल्याण कार्यालयाकडे याद्यांची प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.

यास मोठा निधी लागत नाही. एक वही लागते, आणि दारोदार जाण्याची तयारी लागते. आकडा नाही म्हणून प्रश्न नाही, असे म्हणणाऱ्या सरकारला पहिला आकडा जिल्ह्यातूनच दिला पाहिजे.